पिंपल्स, मेडिकलमधली ट्यूब आणि तुमचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं पिंपल्सबद्दल आहेत. सगळ्यांना वेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून एकमेकांशी मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून घेतलेत, नावं अर्थातच कुणाचीच छापलेली नाहीत. नांदेडच्या ताईंचं पत्र मात्र सगळ्यांनी वाचा, ज्यांना पिंपल्स नाहीत त्यांनीसुद्धा.

प्रश्न : मी दहावीत आहे, सातारा. वर्षभरापासून कपाळावर आणि नाकावर खूप पिंपल्स येतायत. आई म्हणते उष्णता आहे, सब्जा पी. आजी जायफळ उगाळून लावते. मैत्रीण म्हणते रात्री टूथपेस्ट लाव. मी दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुते तरी नाकावरची काळी घाण निघत नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुझं काही चुकत नाहीये, हे आधी डोक्यात पक्कं कर. वयात येताना शरीरात ॲण्ड्रोजेन नावाची हार्मोन्स वाढतात, मुलांमध्ये वाढतात तशी मुलींमध्येही, आणि त्यांच्यामुळे चेहऱ्यावरच्या तेलग्रंथी मोठ्या होऊन जास्त तेल बनवायला लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी नीट गळून पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तिथे बूच बसतं. मग आत तेल साठतं, आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू त्या तेलावर वाढतो, आजूबाजूला सूज येते, आणि मग तो लाल, दुखरा, कधी पू भरलेला पिंपल आपल्याला आरशात दिसतो. दिसतो तो आज, पण बूच बसायला सुरुवात झालेली असते कित्येक आठवडे आधी.

आता नाकावरच्या काळ्याबद्दल. ती घाण नाहीच मुळी. बूच वरून उघडं राहिलं की त्यातल्या मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याचा, आणि तेलाचा हवेशी संबंध येतो आणि ते काळं पडतं, त्यालाच ब्लॅकहेड म्हणतात. मळ नाही म्हणूनच धुऊन जात नाही. पाच-सहा वेळा साबण लावून त्वचा कोरडी पडते, चुरचुरते, आणि पुढे जे औषध लावायचं ते सहन होत नाही. सकाळ-संध्याकाळ दोनदा, साध्या सौम्य फेसवॉशने, हाताने, न घासता धुवायचं, बास. स्क्रब नको, नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्या नकोत आणि नखाने दाबणं तर अजिबात नको.

सब्जा आवडत असेल तर जरूर पी, त्याने पिंपल्स जातील ही आशा ठेवू नकोस एवढंच. जायफळाने आणि टूथपेस्टने मात्र खरोखर नुकसान होतं. टूथपेस्टमधले घटक दातांसाठी असतात, गालावर ते भाजल्यासारखं करतात, आणि आपल्या रंगाच्या त्वचेचा स्वभाव असा आहे की जिथे भाजलं, खरचटलं, सुजलं तिथे काळा डाग उरतो आणि तो महिनोन्महिने जात नाही. लिंबू आणि खायचा सोडा पण याच यादीत. आजीला सांग डॉक्टरांनी काही दिवस बंद ठेवायला सांगितलंय, माझं नाव घे खुशाल.

आणि रात्री चापून तेल लावून झोपतेस का ते तू लिहिलं नाहीस. कपाळावरच जास्त पिंपल्स असतील तर हे विचारावंच लागतं, कारण खोबरेल तेल कपाळावर उतरलं की छिद्रं बुजतात. तेल लावायचं तर नहाण्याआधी तासभर लाव आणि शाम्पूने धुऊन टाक.

सुरुवातीला अडीच टक्क्याचं बेंझॉइल पेरॉक्साइड, हे लावायचं औषध, बऱ्याच मुलामुलींना पुरतं. ५ किंवा १० टक्क्याचं घेऊन जास्त फायदा होतोच असं नाही, जळजळ मात्र वाढते. त्याने कापडाचा रंग उडतो, म्हणून उशीला जुना पांढरा अभ्रा घाल आणि युनिफॉर्मच्या कॉलरला लागू देऊ नकोस. एकदा आईबरोबर त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन ये. "वयात आलं की येतात, आपोआप जातात" असं घरोघरी म्हणतात, जातातही बऱ्याच जणांचे, पण जाताना खड्डे ठेवून गेले तर ते आपोआप भरत नाहीत, त्यामुळे परीक्षा होईपर्यंत थांबू वगैरे करू नका.

प्रश्न : वय २३, कोल्हापूर. अमेरिकेतल्या मावसबहिणीने ॲडापलीन जेल पाठवलं. पिंपल आला की त्याच्यावर जाड थर द्यायचो. आठवड्याभरात सालपटं निघायला लागली, तोंडाची आग व्हायला लागली आणि पिंपल्स उलट वाढले म्हणून सोडून दिलं. मला हे औषध सूट होत नाही का?

उत्तर : औषध चांगलं आहे, पद्धत बदला. तिकडे ०.१ टक्क्याचं ॲडापलीन २०१६ पासून चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतं, पण म्हणून ते कसंही लावायचं औषध होत नाही, आणि इकडे ते डॉक्टरला विचारूनच वापरा.

वर सातारच्या मुलीला सांगितलं तसं बूच आधी बसतं आणि पिंपल नंतर दिसतो. ॲडापलीन त्या बुचावर काम करतं, म्हणजे जे पिंपल्स अजून दिसतच नाहीयेत त्यांच्यावर. म्हणून ते आलेल्या फोडावर थापायचं नसतं, सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावायचं असतं. रात्री तोंड धुवा, टिपून पूर्ण कोरडं होऊ द्या, वाटाण्याएवढं जेल बोटावर घ्या, त्याचे कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपके द्या आणि पसरवा. वाटाण्याएवढं म्हणजे एकच वाटाणा, पूर्ण चेहऱ्याला. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या बाजूच्या खोबणी आणि ओठांचे कोपरे सोडायचे, तिथली त्वचा नाजूक असते आणि पहिली सालपटं तिथेच निघतात. पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र सोडून एक रात्र लावा, कोरडं वाटलं तर आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर जेल, तेही चालतं. सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्तचं जेलसारखं सनस्क्रीन लावा.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत पिंपल्स वाढल्यासारखे वाटतात, नेमकं तेव्हाच लोक औषध सोडतात आणि मग दुसरं घेतात, मग तिसरं, आणि वर्ष जातं. ८ ते १२ आठवडे झाल्याशिवाय उपयोग झाला की नाही हे ठरवू नका. पिंपल्स गेल्यावरही डॉक्टर सांगतील तोपर्यंत चालू ठेवा.

प्रश्न : वय २६, नांदेड. दीड वर्षापूर्वी पिंपल्ससाठी मेडिकलवाल्याने एक क्रीम दिलं. चार दिवसांत चेहरा एकदम क्लीन झाला, उजळला पण, सगळे विचारायला लागले काय लावतेस म्हणून मी बहिणीला आणि वहिनीला पण दिलं. आता दोन दिवस लावलं नाही तर चेहरा लालभडक होतो, खाज सुटते, बारीक बारीक पुटकुळ्या येतात. गॅससमोर उभी राहिले तरी तोंड पेटल्यासारखं होतं. गालावर लव वाढलीये. लावलं की परत शांत होतं. काय करू, सोडताच येत नाहीये.

उत्तर : ताई, तुम्ही जे लिहिलंय तसेच चेहरे मी ओपीडीत सतत बघते. त्वचा पातळ होऊन चकाकते, गालावर लाल दोऱ्यांसारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात, कानाजवळ लव येते, उन्हातून आत आलेल्या बाईचा चेहरा बराच वेळ लालच राहतो. तुमचा चेहरा न बघता खात्रीने सांगता येत नाही पण त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता आहे.

ट्यूब हातात घ्या आणि मोठ्या अक्षरातलं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसतंय का? बऱ्याच वेळा मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं तिघांचं मिश्रण असतं. ते वांगासाठी, थोड्या आठवड्यांसाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायचं औषध आहे, आणि आपल्याकडे ते गोरं व्हायचं क्रीम म्हणून शेजारणी-शेजारणींमध्ये फिरतं.

स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि सूज दबते, म्हणून चार दिवसांत पिंपल्स बसतात आणि रंग उजळल्यासारखा वाटतो. पण बूच तसंच, तेल तसंच, आजार जागेवरच. आणि रोज लावून लावून त्वचा पातळ होत जाते, स्टिरॉइडमुळेच एकसारख्या पुटकुळ्या यायला लागतात, आणि थांबवलं की दाबून ठेवलेली सगळी सूज एकदम उसळते. ती उसळी बघून माणूस घाबरतो आणि परत लावतो. तुम्हाला सोडता येत नाहीये यात तुमचा कमकुवतपणा नाही, हे औषध त्वचेला असंच अडकवून ठेवतं. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नाव द्यावं लागलं इतके पेशंट भारतात आहेत, आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध खास मोहीम चालवली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा कायदा आहे. तरी ती अजूनही काउंटरवरून सर्रास दिली जातात आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी चेहरा जाळून घेऊन येतात.

आता काय करायचं ते. आहे ती ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ट्यूब लपवू नका, दीड वर्ष लावलंय हे खरं खरं सांगा. कुणाला एकदम बंद करतात, कुणाला सौम्य स्टिरॉइडवर आणून हळूहळू सोडवतात, आणि मधल्या काळात सूज आवरायला टॅक्रोलिमससारखं मलम किंवा पोटातून डॉक्सिसायक्लीन देतात, ते तुमचा चेहरा बघूनच ठरेल. घरी फक्त साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि आग झाली की थंड पाण्याच्या घड्या. फेशियल, ब्लीच, वाफ, लेप, सगळं बंद. पहिले काही आठवडे वाईट जातील, चेहरा आधीपेक्षा खराब दिसेल, घरचे म्हणतील त्यापेक्षा ते क्रीमच बरं होतं. त्यांना हे उत्तर वाचायला द्या. महिने लागतात पण बहुतेकांची त्वचा खूप सुधारते. बहिणीला आणि वहिनीला आजच फोन करा.

पार्लरमधून किंवा ऑनलाइन येणारी, घटकांची यादीच नसलेली डबीतली क्रीमं तर याहून धोक्याची. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यात गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे लोकांच्या किडन्यांना त्रास झाल्याचं २०२३ मध्ये समोर आलं. चेहऱ्याला लावलेलं रक्तात जातं.

प्रश्न : पुणे, वय २१, जिमला जातो. पाठीवर, खांद्यावर, छातीवर बारीक पुटकुळ्या, घाम आला की खाजतात. अझिथ्रोमायसिनचे दोन कोर्स झाले, काही फरक नाही. व्हे प्रोटीन घेतो, तेच कारण आहे का?

उत्तर : खाज हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पिंपल्स दुखतात, फारसे खाजत नाहीत. सगळ्या पुटकुळ्या एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या आणि ॲण्टिबायोटिकने न हलणाऱ्या असतील तर मॅलासेझिया नावाच्या बुरशीमुळे असू शकतात, ॲण्टिबायोटिकने त्या उलट वाढतात आणि बुरशीचं औषध दिलं की बसतात. स्वतःच्या मनाने तिसरा कोर्स घेऊ नकोस. अशा अर्धवट कोर्सेसमुळे जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात आणि त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते, क्लिंडामायसिन या ॲण्टिबायोटिकचं जेलसुद्धा याच कारणासाठी एकटं न देता बेंझॉइल पेरॉक्साइडबरोबर देतात.

व्हेमुळे काही जणांचे पिंपल्स वाढतात हे खरं. दोन-तीन महिने बंद करून अंडी, डाळी, चणे, पनीरवर राहून बघ. दूध आणि मैदा-साखर यांचाही संबंध अभ्यासांत दिसलाय, वडापावच्या तेलाचा थेट संबंध मात्र सिद्ध नाही. जिममध्ये कुणी "मास"साठी इंजेक्शन किंवा गोळ्या देत असेल तर ती घेतली आहेस का हे डॉक्टरला एकट्यात सांग, ॲनाबॉलिक स्टिरॉइडने पाठीवर भयंकर पिंपल्स येतात आणि बाकी शरीराचंही वाटोळं होतं. व्यायाम झाल्यावर घामाचा टीशर्ट लगेच बदल.

प्रश्न : ठाणे, वय २९. कॉलेजमध्ये एक पिंपल नव्हता, आता जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर खोल गाठी येतात, पाळीच्या आधी जास्त. पाळी कधी ४० दिवसांनी, कधी ५०. आम्ही बाळाचा विचार करतोय.

उत्तर : तुम्ही शेवटचं वाक्य लिहिलंत ते फार बरं केलंत. आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. पाळी ३५ दिवसांच्या पुढे जाणं, जबड्यावरचे पिंपल्स, हनुवटीवर राठ केस असतील तर तेही, हे सगळं पीसीओएसकडे, म्हणजे हार्मोन्सचं गणित बिघडून पाळी लांबते त्या आजाराकडे, बोट दाखवतं. रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफीनंतर कळेल. पीसीओएस असला तरी बाळ होत नाही असं नाही, पण उपचाराची दिशा बदलते.

हार्मोनच्या (म्हणजे गर्भनिरोधक) गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन अशा पिंपल्सवर चांगलं काम करतात, पण तुम्हाला आत्ता चालणार नाहीत, गर्भनिरोधक गोळीने गर्भ राहणार नाही आणि स्पायरोनोलॅक्टोन गरोदरपणात द्यायचं नसतं. डॉक्सिसायक्लीन, ॲडापलीन, ट्रेटिनॉइन हेही नको. ॲझेलाइक ॲसिड गरोदरपणातही वापरता येतं, पिंपल्सवर आणि मागे राहणाऱ्या डागांवर दोन्हीवर चालतं, पहिल्यांदा थोडं चुरचुरतं. वजन जास्त असेल तर थोडं कमी केल्यानेही पाळी सुधारते. घरातल्या कुणाच्या जुन्या चिठ्ठीवरचं औषध घेऊ नका, कारण खाली सांगलीच्या ताईंच्या उत्तरात आहे.

प्रश्न : सांगली. माझ्या १९ वर्षांच्या मुलाला मोठमोठ्या गाठी येतात, डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन सुरू करायला सांगितलंय. नेटवर वाचलं की लिव्हर जातं, डिप्रेशन येतं, पुढे मूल होत नाही. द्यावं का?

उत्तर : खोल गाठी येऊन खड्डे पडत असतील तर हेच औषध सगळ्यात खात्रीचं आहे. १९८२ पासून वापरात आहे, तेलग्रंथी लहान करतं, आणि कोर्स पुरा झाल्यावर बऱ्याच जणांना पुन्हा उपचार लागत नाहीत. मुलग्याला पुढे मूल होण्यात यामुळे अडचण येते असं दिसलेलं नाही.

सगळ्यात मोठा धोका गर्भाला आहे. गोळी चालू असताना दिवस गेले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून मुलींना आधी टेस्ट करून, सुरू करण्याआधी एक महिना, पूर्ण कोर्सभर आणि संपल्यावर आणखी एक महिना पक्कं गर्भनिरोधन सांगितल्याशिवाय ती देत नाहीत. मुलाच्या उरलेल्या गोळ्या घरातल्या कुठल्याही मुलीच्या हाताला लागू देऊ नका. त्याने स्वतः कोर्समध्ये आणि नंतर महिनाभर रक्तदान करायचं नाही.

लिव्हर आणि कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड्स बघायला आधी आणि मध्ये रक्त तपासतात, त्या तारखा चुकवू नका. ओठ मात्र जवळजवळ प्रत्येकाचे फुटतात, खिशात लिप बाम ठेवायला सांगा. डोळे कोरडे पडतात, कधी नाकातून थोडं रक्त येतं. मोठ्या अभ्यासांत सरसकट डिप्रेशन वाढल्याचं दिसलेलं नाही, पण एखाद्याला त्रास होऊ शकतो, म्हणून मुलगा गप्प गप्प राहायला लागला, झोप उडाली, जेवण सुटलं तर वाट न बघता डॉक्टरला फोन करा. आणि खरं सांगायचं तर चेहऱ्यावरच्या गाठींमुळे घरात कोंडून घेतलेली मुलं मी खूप बघते, उपचार न करणं हेही मनाला लागतंच.

गोळी जेवणानंतर घ्यायची, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. एकूण डोस वजनावर ठरतो, साधारण किलोमागे १२० ते १५० मिलीग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या मुलाला सगळ्या कोर्समध्ये ७२०० ते ९०००. म्हणून सहा महिने किंवा जास्तही लागतात, तिसऱ्या महिन्यात चेहरा साफ दिसला म्हणून तुम्ही थांबवू नका. व्हिटॅमिन ए च्या वेगळ्या गोळ्या आणि डॉक्सिसायक्लीन यासोबत नको.

प्रश्न : मुंबई, ३१. पिंपल्स गेले, डाग आणि खड्डे राहिले. क्रीमने जातील?

उत्तर : काळे डाग जातील, वेळ लागेल, रोज सनस्क्रीन लावलं नाही तर फार वेळ लागेल. खड्डे क्रीमने भरत नाहीत. त्यांचे प्रकार असतात, सुईने टोचल्यासारखे खोल वेगळे, पसरट वेगळे, आणि प्रत्येकाला सबसिजन (खालून ओढून धरणारे तंतू सुईने सोडवणं), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), लेसर किंवा टीसीए (खड्ड्यात लावायचं ॲसिड) असं वेगळं लागतं, बरेचदा मिळून. पूर्ण सपाट त्वचेचं आश्वासन देणाऱ्या क्लिनिकमध्ये आगाऊ पॅकेजचे पैसे भरू नका.

प्रश्न : पंधरा दिवसांवर साखरपुडा आणि हनुवटीवर मोठी दुखरी गाठ आलीये. पार्लरमध्ये गोल्ड फेशियल बुक केलंय. प्लीज लवकर सांगा.

उत्तर : फेशियल कॅन्सल करा, मसाजने गाठ चिघळेल. नवीन कुठलंही क्रीम आत्ता सुरू करू नका आणि गाठ फोडायचा प्रयत्न तर नकोच, तिला तोंडच नसतं. त्वचेच्या डॉक्टरकडे जा, अशा गाठीत ट्रायमसिनोलोनचं पातळ केलेलं इंजेक्शन देतात आणि ती दोन-तीन दिवसांत बसते. तेही स्टिरॉइडच आहे, पण ते गाठीच्या आत, थेंबभर, एकदाच देतात, नांदेडच्या ताईंनी दीड वर्ष लावलं तसं नाही. प्रमाण जास्त झालं तर तिथे खळगा पडू शकतो, म्हणून हात बसलेल्या डॉक्टरकडूनच घ्या आणि अगदी आदल्या दिवशी जाऊ नका, याच आठवड्यात जा. मेकअप करणाऱ्या ताईंना नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, फाउंडेशन आणि धुतलेले ब्रश वापरायला सांगा, आणि त्या रात्री कितीही दमलात तरी सगळा मेकअप काढूनच झोपा.